पैशाचा पत्ता : आयएफएससी कोड कसा काम करतो

शिवाजीनगर पुण्यात आहे, मुंबईत गोवंडीला आहे, नांदेडला आहे आणि बंगळुरूतही आहे. एकाच बँकेच्या ‘शिवाजीनगर शाखा’ अशा पाट्या यांतल्या दोन-तीन गावांत सहज दिसू शकतात. तरीही नाशिकच्या भाडेकरूने पुण्यातल्या घरमालकाला पाठवलेले भाडे नांदेडच्या शाखेत जाऊन पडत नाही. पैसे पाठवताना त्याने गाव, पेठ, पिनकोड यांतले काहीच लिहिलेले नसते. लिहिलेला असतो तो फक्त खाते क्रमांक आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेला अकरा चिन्हांचा एक कोड. देशातल्या सगळ्या शाखांमधून नेमकी एक शाखा वेगळी काढण्याचे काम हा कोड करतो. त्याला आयएफएससी म्हणतात, म्हणजे इंडियन फायनान्शियल सिस्टिम कोड.

हा कोड काय सांगतो हे बहुतेकांना अंदाजाने माहीत असते. तो काय सांगत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, आणि पैसे चुकीच्या खात्यात जातात ते बहुधा तिथेच.

अकरा चिन्हांची फोड

स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा कोड घेऊ. एस, बी, आय, एन ही चार इंग्रजी अक्षरे, पुढे एक शून्य आणि त्यापुढे ०००३०० हे सहा आकडे. पहिली चार अक्षरे बँकेची असतात. स्टेट बँकेला एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्रला एमएएचबी, सारस्वत बँकेला एसआरसीबी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेला सीओएसबी. शेवटची सहा चिन्हे शाखेची असतात. मधले पाचवे चिन्ह नेहमी शून्यच असते. भविष्यात गरज पडली तर वापरता यावी म्हणून ती जागा राखून ठेवलेली आहे.

हे पाचवे शून्य लहान वाटते, पण गोंधळ घालण्यात सर्वांत पुढे तेच असते. इंग्रजी ‘ओ’ अक्षर आणि शून्य हाताने लिहिताना सारखेच दिसतात. कोणी पाचव्या जागी ‘ओ’ टाइप केला की संगणक कोड नाकारतो आणि माणूस मात्र ‘कोड बरोबर आहे, तरी घेत नाही’ म्हणून हैराण होतो. शेवटच्या सहा जागांवर बहुतेक बँका आकडे वापरतात, पण अक्षरे वापरायलाही मुभा आहे. बँक ऑफ बडोदाच्या कोडमध्ये तिथे शाखेच्या नावातली अक्षरे दिसतात. अशा कोडमध्ये शून्य आणि ‘ओ’ शेजारी शेजारीही येऊ शकतात. एक गोष्ट पक्की धरावी, पाचवी जागा शून्याची.

पिनकोडशी साम्य आणि फरक

आयएफएससी समजावताना पिनकोडचे उदाहरण देतात, आणि ते निम्मेच लागू पडते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृतचे नामवंत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, पत्त्यातली वेगवेगळी भाषा आणि न लागणारे हस्ताक्षर यांवर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. आयएफएससीचे कामही तेच, नावाचा घोळ आकड्याने सोडवायचा.

फरक असा की पिनकोडमध्ये भूगोल असतो. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातले आहे हे टपाल कर्मचाऱ्याला पाहताक्षणी कळते. पुढे ४०३ म्हणजे गोवा, ४११ म्हणजे पुणे. आयएफएससीच्या शाखा-भागात असा भूगोल नसतो. स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा क्रमांक ३००, नागपूरचा ४३२, पुण्याचा ४५४. या आकड्यांवरून गाव ओळखता येत नाही, आणि एक आकडा मागेपुढे झाला तर ती शाखा भलत्याच राज्यात निघू शकते.

दुसरी उणीव याहून महत्त्वाची आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा आकडा हा तपासणीचा आकडा असतो. आधीच्या अकरा आकड्यांवर ठरावीक गणित केले की तो मिळतो, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला तर गणित जुळत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. आयएफएससीमध्ये असा तपासणीचा आकडा नाही. ४५४ च्या जागी ४५५ लिहिले गेले आणि त्या क्रमांकाची शाखा कुठेतरी असली, तर कोड ‘बरोबर’च ठरतो. संगणक एवढेच पाहतो की असा कोड यादीत आहे का. पाठवणाऱ्याला तीच शाखा हवी होती का, हे त्याला कळायला मार्ग नाही.

चेकवरचा दुसरा क्रमांक

चेकच्या तळाशी वेगळ्याच धाटणीचे, ठसठशीत आकडे छापलेले असतात. त्यांतच नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड असतो, आणि अर्ज भरताना पुष्कळ जण आयएफएससीच्या रकान्यात तोच लिहून मोकळे होतात. हा कोड चेक वटवण्यासाठी आहे. ती शाई चुंबकीय असते, म्हणून चेक चुरगळला किंवा त्यावर शिक्का पडला तरी यंत्राला आकडे वाचता येतात. यातले पहिले तीन आकडे शहराचे आणि ते पिनकोडशी जुळणारे, मुंबईला ४००, पुण्याला ४११. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. ओळखायची खूण सोपी आहे. नुसते नऊ आकडे असतील तर एमआयसीआर, आणि अक्षरांनी सुरू होणारी अकरा चिन्हे असतील तर आयएफएससी.

कचेऱ्या ‘कॅन्सल्ड चेक’ का मागतात, त्याचे उत्तरही इथेच आहे. त्या एका कागदावर खाते क्रमांक, दोन्ही कोड आणि बहुधा खातेदाराचे नाव छापील असते. कोणाला हाताने उतरवून घ्यावे लागत नाही, म्हणून नकलेची चूक होत नाही.

पैसा खरोखर कुठून कुठे जातो

पैसे ‘पाठवले’ असे म्हणतात, पण नोटांची थैली कुठेच जात नाही. बदलतात त्या नोंदी. अशा व्यवहारांत थेट सहभागी असलेल्या प्रत्येक बँकेचे रिझर्व्ह बँकेत खाते असते. नाशिकच्या भाडेकरूच्या खात्यातून त्याची बँक रक्कम वजा करते, रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यातून ती घरमालकाच्या बँकेच्या खात्यात वळती होते आणि ती बँक घरमालकाच्या खात्यात जमा दाखवते. कोणत्या बँकेकडे वळती करायची, हे आयएफएससीची पहिली चार अक्षरे सांगतात.

पैसे पाठवण्याच्या एनईएफटी या पद्धतीत हे काम गठ्ठ्यांनी होते. ही पद्धत नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली. दर अर्ध्या तासाला एक गठ्ठा, म्हणजे दिवसरात्रीत ४८. भाडेकरूने १० वाजून ५ मिनिटांनी बटण दाबले तर त्याची सूचना साडेदहाच्या गठ्ठ्यात जाते. रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या केंद्रात या सूचना बँकवार लावल्या जातात, पोस्टात पत्रे गावागावांच्या कप्प्यांत टाकतात तशा. त्यानंतर वजाबाकी होते. शेजारच्या किराणावाल्याचे दूधवाल्याकडे ७०० रुपये येणे आहेत आणि दूधवाल्याचे त्याच्याकडे ५००, तर संध्याकाळी दोघे २०० रुपयांत हिशेब मिटवतात. बँकाही तसेच करतात. एका गठ्ठ्यातल्या असंख्य व्यवहारांपोटी प्रत्येक बँकेला एकच निव्वळ रक्कम द्यावी किंवा घ्यावी लागते.

गठ्ठ्याचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत रक्कम खात्यात पडली पाहिजे, नाहीतर परत आली पाहिजे, असा नियम आहे. उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) अधिक २ टक्के या दराने बँकेने ग्राहकाला व्याज द्यायचे असते. हे व्याज मागावे लागू नये, बँकेने आपणहून द्यावे, अशी अपेक्षा आहे. हा हक्क अनेक खातेदारांना माहीतच नसतो.

आरटीजीएसमध्ये गठ्ठा नसतो. मार्च २००४ पासून चालू असलेल्या या पद्धतीत प्रत्येक रक्कम एकेकटी, त्याच क्षणी वळती होते. किमान रक्कम २ लाख रुपये. घर घेताना, मोठा माल घेताना लोक हीच वापरतात. एकदा हिशेब झाला की तो व्यवहार अंतिम, मागे घेता येत नाही. तिसरी पद्धत आयएमपीएस, नोव्हेंबर २०१० पासूनची. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते, पैसे काही सेकंदांत पोचतात आणि मर्यादा ५ लाखांची आहे. पूर्वी रात्री आणि सुटीच्या दिवशी चालणारी हीच होती. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बारा महिने चालू झाली. बचत खात्यावरून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही.

प्रत्येक व्यवहाराला एक यूटीआर क्रमांक मिळतो. आरटीजीएसचा क्रमांक २२ चिन्हांचा असतो. त्याच्या सुरुवातीला पाठवणाऱ्या बँकेची तीच चार अक्षरे, मग ‘आर’, मग व्यवहार कुठल्या मार्गाने झाला त्याची खूण, मग वर्ष-महिना-दिवस आणि शेवटी आठ आकडी अनुक्रमांक. पैसे अडकले तर काउंटरवर सर्वांत आधी हाच क्रमांक विचारतात, म्हणून तो मेसेज पुसून टाकू नये.

शेवटचा टप्पा : यंत्र नाव वाचत नाही

सूचना घरमालकाच्या बँकेत पोचली. तिथे तीन गोष्टी येतात, आयएफएससी, खाते क्रमांक आणि नाव. कोणालाही वाटेल की बँक नाव आणि क्रमांक जुळवून पाहत असणार. चेकच्या जमान्यात काउंटरवरचा माणूस तसे पाहायचाही. पण इलेक्ट्रॉनिक व्यवहारात जमा होते ती खाते क्रमांक पाहून. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच हे स्पष्ट केले. नाव सूचनेत असले पाहिजे, पण जमा करण्यासाठी केवळ खाते क्रमांकावर विसंबले जाईल, आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. लाखो व्यवहारांत ‘सौ.’, ‘श्रीमती’, आडनाव आधी की मागे, माहेरचे की सासरचे, हे जुळवत बसणे यंत्राला परवडणारे नव्हते.

हे कळले की चुकांचे परिणाम आपोआप उलगडतात. बँक बरोबर, खाते क्रमांक बरोबर, पण शाखेचा कोड त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा असेल, तर बहुतेकदा पैसे तरीही पोचतात. आता बँकेच्या सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या असतात आणि खाते क्रमांक सबंध बँकेत एकमेव असतो. कोडच भलत्या बँकेचा असेल, तर तो खाते क्रमांक तिथे शोधला जातो. न मिळाला तर रक्कम परत येते.

तो तिथे मिळाला, तर मात्र पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात जमा होतात. हे अशक्य नाही. स्टेट बँकेचे आणि बँक ऑफ महाराष्ट्रचे खाते क्रमांक दोन्ही अकरा आकडीच आहेत. आणि खाते क्रमांकातच चूक असेल, तर बरोबर आयएफएससीही वाचवत नाही. पोस्टमन बरोबर इमारतीत पोचतो आणि पाकीट दुसऱ्याच्या दारातून सरकवतो.

या दुखण्यावर खरा उपाय यायला पुष्कळ वर्षे लागली. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये समोरच्याचे नाव आधी पाहण्याची सोय होती, एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये नव्हती. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी ती आणण्याचा आदेश काढला आणि १ एप्रिल २०२५ ची मुदत दिली. आता खाते क्रमांक आणि आयएफएससी भरला की समोरच्या बँकेच्या नोंदीतले नाव पडद्यावर येते. यासाठी शुल्क नाही, आणि शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यांनाही ही सोय मिळाली पाहिजे. गेल्या कित्येक वर्षांत सामान्य खातेदारासाठी झालेली ही सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणावी लागेल. पण तिचा उपयोग नाव वाचणाऱ्यालाच. मशीन नाव दाखवते, जुळवायचे काम अजूनही माणसाचेच आहे.

> चौकट : नवीन खात्यावर पहिल्यांदा पैसे पाठवताना
> कोड आणि खाते क्रमांक पासबुक किंवा चेकवरून घ्यावा; कोड बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही मिळतो आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरही सर्व शाखांची यादी असते. पाचवी जागा शून्याची आहे ना, ते पाहावे. कोड भरल्यावर पडद्यावर आलेले शाखेचे नाव आणि खातेदाराचे नाव मोठ्याने वाचावे. आधी १ रुपया पाठवून, ‘पोचला का’ हे फोनवर विचारावे. मोठी रक्कम त्यानंतर.

कोड बदलतो तेव्हा

आयएफएससी जन्मभराचा नसतो. बँका विलीन झाल्या की पहिली चार अक्षरेच जातात. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात मिसळल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेल्या. जुने कोड काही काळ चालू ठेवले गेले आणि मग बंद झाले.

सिंडिकेट बँकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिचे कोड एसवायएनबी या अक्षरांनी सुरू होत. १ जुलै २०२१ पासून तिथे कॅनराचे सीएनआरबी आले. पण कॅनराच्या स्वतःच्या शाखांनाही तेच छोटे क्रमांक दिलेले होते, म्हणजे एकाच क्रमांकावर दोन शाखांचा दावा आला असता. म्हणून सिंडिकेटच्या प्रत्येक शाखा क्रमांकात १०,००० मिळवले. ३६८७ असेल तर १३६८७. गिरणगावच्या चाळींत नव्या विंगेतल्या खोल्यांना पुढचे आकडे द्यावेत, तसे. घोळ टळला, पण पगार, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा, शिष्यवृत्ती यांच्या कागदांवर जिथे जिथे जुना कोड होता, तिथे खातेदाराला तो स्वतः जाऊन बदलावा लागला. ज्यांच्या जुन्या पासबुकांवर बंद झालेल्या बँकेचे नाव आहे, त्यांनी नवीन पासबुक किंवा चेकबुक घेतलेले बरे.

महाराष्ट्रात आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. इथे सहकारी बँकांचे जाळे मोठे आहे, आणि त्यांतल्या काही छोट्या बँका या यंत्रणांच्या थेट सदस्य नाहीत. त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने व्यवहार करतात आणि तिचाच कोड वापरतात. अशा वेळी पडद्यावर शाखेच्या जागी भलतेच, मोठ्या बँकेचे नाव दिसते. ते चूक नसते, पण आपल्या शाखेत एकदा विचारून खात्री करावी. पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळे तिला स्वतःचा आयएफएससी नसतो.

यूपीआयमध्ये हा कोड दिसत नाही, पण गेलेला नाही. यूपीआय आयडीच्या मागे शेवटी खाते क्रमांक आणि आयएफएससीच असतो. परदेशातून पैसे येतात तेव्हा मात्र आयएफएससीने भागत नाही, कारण तो भारताच्या आतला पत्ता आहे. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मुलाला आईवडिलांच्या बँकेचा स्विफ्ट कोडही लागू शकतो. तो आठ किंवा अकरा चिन्हांचा असतो आणि त्यात पाचव्या-सहाव्या जागी देशाची अक्षरे येतात, भारतासाठी आय आणि एन.

पत्ता आणि किल्ली

आयएफएससी गुप्त नाही. तो चेकवर छापलेला असतो, संकेतस्थळावर मिळतो. पैसे घेण्यासाठी कोणाला खाते क्रमांक आणि कोड सांगणे म्हणजे घराचा पत्ता सांगणे. किल्ली वेगळी असते, ती म्हणजे ओटीपी, पिन, पासवर्ड. पैसे मिळण्यासाठी यांतले काहीच कोणाला द्यावे लागत नाही. जो मागतो, तो पैसे द्यायला आलेला नसतो.

आता फसवणूक करणारे पत्ताच बदलायला लावतात. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल येतो, ‘आमचे खाते बदलले आहे, पुढचे बिल या नवीन खात्यावर भरा.’ कोड खरा असतो, शाखा खरी असते, खाते मात्र भामट्याचे. कोडची कितीही तपासणी केली तरी हे पकडता येत नाही. अशा वेळी त्या ई-मेलमधल्या नव्हे, आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन क्रमांकावर पुरवठादाराशी बोलावे.

चूक झालीच तर

पैसे चुकीच्या खात्यात गेले तर त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी तक्रार द्यावी, सोबत यूटीआर क्रमांक जोडावा आणि तक्रारीची पोच घ्यावी. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते, आणि ती त्या खातेदाराची संमती घेऊन पैसे परत करते. बँक त्याच्या खात्यातून परस्पर रक्कम काढून घेत नाही, म्हणून वेळ लागतो. पण त्या माणसालाही ते पैसे ठेवून घेण्याचा हक्क नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या ७२ व्या कलमानुसार चुकून मिळालेली रक्कम परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

फसवणूक झाली असेल तर मात्र ३० दिवसांची वाट पाहायची नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जातात, आणि ते कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात.